सवंगडी मुका झाला

एक

"धम्मा, चेतना बोलेना गं."

पद्मजाबाई पाठक दारात उभ्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच. धम्मप्रिया शिवशरण यांनी चहाचा कप खाली ठेवला. दुसरं कुणी असतं तर बाईंना धरून खुर्चीत बसवलं असतं आणि डॉक्टरला फोन लावला असता, कारण चेतनाला जाऊन पंचवीसेक वर्षं उलटून गेली होती. पण भवानी पेठेतल्या त्या सोसायटीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की पाठकांची चेतना रोज दिवेलागणीला बोलते. एकच वाक्य बोलते, पण बोलते.

तिचा आवाज एका खोक्यात होता. खोक्याचं नाव सवंगडी. टीव्हीला जोडून खेळायचं, मराठी बोलणारं यंत्र. चेतनाचे वडील वेणीमाधव पाठक तंत्रनिकेतनात शिकवायचे. नोकरीवर लाथ मारून त्यांनी ते बनवलं. उद्घाटनाला ते म्हणाले होते, "सोलापूरची चादर जगभर गेली, आता सोलापूरचा खेळ जाईल." चादर गेली ती गेली. खेळ जिल्ह्याच्या वेशीपुढे सरकला नाही. दुसरी दिवाळी यायच्या आत कारखान्याला कुलूप लागलं.

यंत्रात एक करामत होती. त्यात बोलून ठेवलं, की खेळात पाळी आल्यावर ते त्याच आवाजात हाक मारायचं. नऊ वर्षांच्या चेतनानं आपल्या जोडीदारासाठी बोलून ठेवलं होतं, "ईशा, तुझी पाळी!" दुसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली, आणि तो ताप तिला घेऊनच गेला.

यंत्राची स्मरणशक्ती कच्ची होती. वीज तुटली की सगळं पुसलं जायचं. म्हणून वेणीमाधवांनी त्याला बॅटऱ्या जोडल्या आणि देवापुढचा दिवा जपावा तसं ते खोकं जपलं. आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायला मात्र त्यांनी कधीच होकार दिला नाही. म्हणायचे, "नक्कल झाली की ही विझली तरी चालेल असं वाटेल. मग ही विझेलच." गेल्या वर्षी ते गेले. बाईंनी मनाचा हिय्या केला. येत्या रविवारी एक जण येऊन आवाज उतरवून घेणार होता.

आज शनिवार होता.

"काल संध्याकाळी दाबलं, तर नुसती खरखर," बाई म्हणाल्या. "आपोआप नाही गेलं ते, धम्मा. कुणीतरी घालवलंय. आणि कुणी ते मला माहीत आहे."

"कुणी?"

"माझ्या सख्ख्या दिरानं. आज सकाळी फोनवर सांगितलं त्याला, माझं मेलेलं तोंड पाहायलासुद्धा येऊ नकोस."

दोन

धम्मप्रियांनी सगळी नोकरी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात काढली होती. माणूस खरंच मेला का, मेला तर कशानं मेला, याची चौकशी करत त्या अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत एसटीनं हिंडल्या. कंपनीत म्हणत, शिवशरण मॅडम समोर बसल्या की मढंसुद्धा उठून खरं कारण सांगतं. पण एकच माणूस दुसऱ्यांदा मेल्याचा दावा त्यांच्यापुढे कधी आला नव्हता.

खोकं टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालावर होतं. हिरवा दिवा जळत होता. धम्मप्रियांनी लाल बटण दाबलं. खर्र... आणि शांतता. टीव्हीच्या पडद्यावर एरवी चेतनाचे गुण सगळ्यात वर झळकायचे. तिथंही आता नुसती शून्यं होती.

"म्हणजे नुसता आवाज नाही, सगळंच पुसलंय. यंत्र एकदा बंद पडून पुन्हा सुरू झालंय. वीज गेली होती का?"

"गेली तरी बॅटरी आहे की. आणि ते घड्याळ बघ." त्याच तारेवर आकड्यांचं घड्याळ होतं. क्षणभर वीज तुटली तरी बारावर जाऊन लुकलुकत बसणारं. ते बिनचूक वेळ दाखवत होतं.

खोक्याच्या कडेला यंत्र चालू-बंद करायचं गोल बटण होतं. म्हणजे ते कुणीतरी हातानं फिरवून परत जागेवर आणलं असणार.

"काल कोण कोण आलं?"

"सकाळी देवदत्तभाऊजी. दुपारी शरणबसव, यांचा जुना विक्रेता. कुणा शौकिनाला हे यंत्र संग्रहासाठी हवंय म्हणून माझ्यामागे लागलाय. चार वाजता ईश्वर आला."

"तो ईशा?"

"तोच. ईश्वर येमूल. त्या वेळी शेजारच्या घरात राहायचे ते लोक. परवा बाजारात भेटला, मी म्हटलं, बाबा रे, इतकी वर्षं ती तुला हाक मारतेय आणि ऐकतेय मी. नक्कल व्हायच्या आधी एकदा येऊन ऐक." बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "त्याला एकट्याला ऐकू दे म्हणून मी चहाला आत गेले. बाहेर आले तर रडत होता. म्हणाला, ऐकलं काकू, लई गोड."

"म्हणजे चारला आवाज होता."

"होता की! तो गेला आणि पाच मिनिटांत भाऊजी परत आले, चष्मा विसरला म्हणून. मी फोनवर होते. ते या खोलीत एकटे होते. त्यांच्यानंतर कुणी आलं नाही, आणि दिवेलागणीला..."

धम्मप्रियांनी चपला घातल्या. दावा इतका सरळ आला, की त्यांना तो नेहमी नीट वाचावासा वाटे.

तीन

देवदत्त पाठक जुळे सोलापुरात राहत. निवृत्त मुख्याध्यापक. दार उघडताच म्हणाले, "वहिनीनं पाठवलं ना? सांगा तिला, मी नाही केलं. आणि हेही सांगा, की करावंसं मला शंभरदा वाटलं."

"असं का?"

"का म्हणजे? दिवेलागणीला बाकीच्या बायका शुभंकरोती म्हणतात, ही बटण दाबते. पंढरपूरला लग्नाला चला म्हटलं तर येत नाही, का तर बॅटरी कोण बघणार. दादा गेला तेव्हा स्मशानातून आल्यावर हिनं आधी यंत्राचा दिवा बघितला, मग अंघोळ केली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तो आवाज! घसा बसलेला, चिरका. ताप चढत होता तिला तेव्हा, आणि आम्हाला कळलं नव्हतं. मला तो ऐकवत नाही हो. मी त्या खोलीत गेलो तर कानात बोटं घालावीशी वाटतात."

"काल दुसऱ्यांदा गेलात तेव्हा यंत्राला हात लावलात?"

"चष्मा त्याच्यावरच होता. उचलला आणि निघालो." ते खुर्चीत खचल्यासारखे बसले. "तिला माझ्याशिवाय कोण आहे, शिवशरणबाई? आणि मला तरी?"

तपासणीच्या धंद्यात रडणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. धम्मप्रियांनी ठेवला नाही. पण उठताना पाण्याचा पेला त्यांनी पुढे सरकवला.

जिन्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कुणी मोठ्यानं म्हणालं, "म्याडम, तुमी त्या खोक्याचा तपास करताय म्हणं? मग आधी मला भेटा. ते खोकं कुणी मारलं, मला माहीत हाय!"

चार

फोन शरणबसवचा होता, नंबर त्याला बाईंनी दिलेला. त्याचं नव्या पेठेत टीव्हीदुरुस्तीचं दुकान होतं. तो बोलायला लागला, की गिऱ्हाईक दुरुस्तीला आणलेला टीव्ही विसरून जायचं आणि वर्षभरानं नवा घ्यायला यायचं.

"कुणी मारलं म्हणजे? पाठकसरांनीच मारलं की! एका शब्दानं मारलं." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "मी म्हटलं, सर, बटणावर एका अंगाला 'सुरू' लिवा, दुसऱ्या अंगाला 'बंद' लिवा. सर म्हणाले, नव्या धंद्यावर 'बंद' लिहायचं? अभद्र बोलू नको. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. आणि लिवलं काय? 'वाढवा'!"

"बंद करायच्या बटणावर?"

"व्हय की! मी यंत्रं घेऊन बार्शीला गेलो, मोडनिंबला गेलो. मोडनिंबचा एक मास्तर खोकं माझ्या अंगावर टाकायला आला. म्हणतो, आवाज वाढवतोय तर यंत्रच मरतंय. पोरगं शेवटच्या पायरीला पोचलेलं, बापानं आवाज वाढवला, झालं, सगळं पुसलं. पोरगं तीन दिवस जेवलं नाही म्हणं. अशी खोकी परत आली, परत आली, माझं दुकान भरलं, मग मी रस्त्यावर बसायला लागलो." तो हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. "शेवटी बाहेरची स्वस्त यंत्रं आली. त्यांच्यावर काही लिवलेलंच नव्हतं. धडाक्यात खपली."

"काल तुम्ही यंत्र चालू-बंद करून पाहिलंत?"

"मी?" शरणबसव उठून उभा राहिला. "म्याडम, त्या पोरीला मी खांद्यावर बसवून गड्ड्याच्या जत्रेत फिरवलंय. तो बसलेला घसा, तो कसा बसला माहीत हाय? जत्रेत माझ्या खांद्यावर बसून ओरडून ओरडून. काल मी लाल बटण एकदा दाबलं. बोलली ती. मी अक्काला म्हटलं, मला नको तुमचं यंत्र, मी त्या शौकिनाला नाही सांगतो. इचारा अक्काला."

बाईंना फोन करून विचारलं. खरं होतं. दुपारी आवाज होता, बाईंनी स्वतः स्वयंपाकघरातून ऐकला होता.

म्हणजे उरला देवदत्त. सगळे रस्ते तिथंच जात होते. फक्त ईश्वरची साक्ष घ्यायची राहिली होती.

पाच

यंत्रमागाच्या कारखान्यात शिरल्यावर धम्मप्रियांना वाटलं, आपलं डोकं कुणीतरी पत्र्याच्या डब्यात घालून वाजवतंय. मागांच्या दोन रांगा, टॉवेलांचे लांबच लांब पट्टे, आणि असा खडखडाट की स्वतःचे विचारही मोठ्यानं करावे लागत होते. कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होते. ईश्वर येमूल पस्तिशीचा, केसांत सुताचे तंतू. तो माग सोडून पुढे आला आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून उभा राहिला.

त्या ओरडल्या, "काल पाठकबाईंकडे गेला होतात?"

"गेलतो की!" त्याला त्यांचं सगळं कळत होतं. त्यांनाच त्याचं निम्मं ऐकू येत नव्हतं. तो कानाशी येऊन बोलला.

"आवाज ऐकलात?"

"ऐकला की म्याडम. घंटीसारखा. लई स्वच्छ, लई गोड. जशीच्या तशी चेतना!"

धम्मप्रियांनी मागावरच्या टॉवेलाकडे मान वळवली आणि विचारलं, "यंत्राला हात लावलात?"

उत्तर आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. ईश्वर तसाच उभा होता, त्यांच्या तोंडाकडे पाहत, पुढच्या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा.

प्रश्न टाळतोय, त्यांच्या मनात आलं. आणि रिक्षेत बसल्यावर, कानातला खडखडाट ओसरल्यावर, त्या एका शब्दापाशी अडकल्या.

घंटीसारखा?

सहा

रविवारी कारखान्याला सुट्टी होती. आवाज उतरवून घेणाऱ्याला बाईंनी फोन करून येऊ नका सांगितलं होतं. ईश्वर आपल्या खोलीबाहेर सायकल उलटी करून साखळी बसवत होता, दाराकडे पाठ करून. गल्ली शांत होती.

धम्मप्रिया त्याच्या मागे उभ्या राहिल्या. "ईश्वर." तो वळला नाही. "ईश्वर येमूल!" समोरच्या घरातली बाई डोकावली, कोपऱ्यावरचं कुत्रं उठून बसलं. ईश्वरचा हात साखळीवरच होता.

त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला.

त्या त्याच्यासमोर दगडावर बसल्या, तोंड नीट दिसेल अशा, आणि सावकाश म्हणाल्या, "कधीपासून ऐकू येत नाही?"

ईश्वरनं हातावरचं वंगण पुसलं. "पंधराव्या वर्षापासून मागावर हाय. हळूहळू गेलं. तिथं कुणाला कळत न्हाई, तिथं समदेच बहिरे." तो ओशाळं हसला. "तोंड बघून कळतंय मला. काकू म्हणाल्या, ती तुला हाक मारते. लाल बटण दाबलं. कायच न्हाई. कान लावला खोक्याला. कायच न्हाई. आता एवढ्या वर्षांनी त्यांनी बोलावलं, आणि मी म्हणू काय, की ऐकू येईना?"

"मग?"

"मग बाजूला बटण दिसलं. 'वाढवा' लिवलेलं. वाढवलं."

धम्मप्रियांनी डोळे मिटले. काल दिवसभर त्या विचारत फिरल्या होत्या, आवाज नको कुणाला झाला होता. देवदत्तला नको होता, पण त्याला तो घसा पाठ होता. शरणबसवलाही. ज्यानं ज्यानं तो ऐकला होता त्याला तो बसलेलाच आठवत होता. घंटीसारखा सांगणाऱ्यानं तो ऐकलाच नव्हता, आणि त्याच्या साक्षीवरच देवदत्त फासावर चढला होता. आवाज जास्त हवा होता असा एकच माणूस त्या खोलीत येऊन गेला होता.

"लहानपणी ते बटण ठाऊक नव्हतं?"

"ती हात लावू द्यायची न्हाई. यंत्र तिचं. मी नुसता खेळायचो." ईश्वर थांबला. आता तो त्यांच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत होता. "वाढवल्यावर दिवा गेलता, म्याडम. मी घाबरून बटण परत फिरवलं. आला दिवा. कायतरी बिघडलं का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. या माणसाला कधीच कळलं नसतं. त्याला कळायला कानच नव्हते. आणि जुळे सोलापुरातला म्हातारा आयुष्यभर खुनी म्हणून जगला असता. धम्मप्रियांनी शेकडो दाव्यांवर कारण लिहिलं होतं, पण ज्याच्या हातून घडलं त्याच्या तोंडाकडे बघून ते कधी सांगावं लागलं नव्हतं.

"ईश्वर," त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडे नीट बघा."

सात

पद्मजाबाईंनी सगळं ऐकलं.  ईश्वर उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता. चपला काढून तिथंच उभा होता, हात जोडलेले, मान खाली. मान खाली म्हणजे त्याच्यासाठी सगळं जग मुकं.

बाई आधी फोनकडे गेल्या. "भाऊजी? ... तुम्ही नव्हता. ... नाही, कळलं मला. तोंड दाखवायची लाज मलाच वाटतेय. या, इकडेच जेवायला या." पलीकडून काय आलं ते धम्मप्रियांना ऐकू गेलं नाही. बाई फोन ठेवून भिंतीला टेकल्या.

मग त्या उंबऱ्याशी आल्या. ईश्वर पुटपुटला, "मारा मला, काकू."

बाईंचा हात वर गेला. क्षणभर धम्मप्रियांना वाटलं, खरंच मारणार. बाईंनी त्याच्या हनुवटीला धरून चेहरा वर केला, लहान पोराला औषध पाजताना धरतात तसा, जरा जोरातच.

"माझ्याकडे बघ. मी बोललेलं कळतंय?"

त्यानं मान हलवली.

"मी इतकी वर्षं एकच वाक्य ऐकत आले. तेही मला उद्देशून नव्हतं. मला आता तिचं दुसरं काही आठवतच नाही रे. आठवायला गेले की तेच वाक्य पुढे येतं, बाकीचं सगळं त्यानं खाऊन टाकलंय." बाईंचा हात अजून त्याच्या हनुवटीवर होता. "तुझे कान गेले. पण तेव्हा तर होते. तू ऐकलायस ना तिला?"

"ऐकलंय की, काकू," ईश्वर म्हणाला. "बायकोचा आवाज कसा हाय मला धड म्हाईत न्हाई. लेकीचा तर न्हाईच. पण तिचा येतोय. मागावर असलो की येतोय. तेलुगूत भांडती."

"कोण?"

"चेतना. आमच्या घरात तेलुगूच. येऊन येऊन शिकली की ती. माझी आई शिकवायची तिला. तुमच्यापुढं बोलायची न्हाई, तुमी शाळेत मराठीच्या बाई, रागवाल म्हणून."

पद्मजाबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. धम्मप्रिया धरायला धावल्या, पण बाई पडल्या नव्हत्या. त्या त्याच्यासमोर बसल्या होत्या, तोंड वर करून, वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारख्या.

"काय म्हणायची?"

"खेळात मी लबाडी केली की म्हणायची..." ईश्वर गोंधळून धम्मप्रियांकडे बघायला लागला. "चांगलं न्हाई ते, काकू."

"म्हण."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. ईश्वरनं चेहरा वाकडा केला, एक हात कमरेवर ठेवला, आणि पस्तिशीच्या त्या दांडग्या माणसाच्या गळ्यातून नऊ वर्षांच्या पोरीचा ठसका असा बाहेर पडला, की जिन्यातली माणसं थबकली.

"नुव्वु दोंगा रा! पेद्द दोंगा!"

"म्हणजे काय?"

"चोर हायस रे तू. मोठा चोर."

पद्मजाबाईंच्या तोंडून जे बाहेर आलं ते हसणं होतं की रडणं, हे जन्मभर मेलेल्यांची चौकशी केलेल्या धम्मप्रियांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी ईश्वरचा हात धरून त्याला खाली ओढलं, उंबऱ्याच्या आत, आपल्याजवळ.

"आणखी," त्या म्हणाल्या. "आणखी काय म्हणायची?"